‘ॲडमिन करून टाकतो!’

“दादा, व्हीपीएन हिरवं झालंय, पण टॅली काही उघडत नाही.”

“थांब, ॲनीडेस्कचा आयडी सांग. तुला ॲडमिन करून टाकतो.”

सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, लहान कारखान्याच्या अकाउंट्समध्ये हा संवाद नेहमीचा. दोन मिनिटांत टॅली उघडते, आर्टिकलशिपचा मुलगा कामाला लागतो, आयटीवाला फोन ठेवतो. मशीनची सगळी कुलपंही त्याच दोन मिनिटांत निघालेली असतात, आणि ती पुन्हा लावायला कुणी येत नाही. हा प्रकार बंद झाला पाहिजे. निदान ओपनव्हीपीएनच्या बाबतीत तरी त्याची गरज डिसेंबर २०१६ मध्येच संपली आहे.

आधी दुखणं नीट समजून घेऊ. व्हीपीएन जोडताना दोन कामं होतात. पहिलं, ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत बोगदा बांधणं. दुसरं, ऑफिसच्या नेटवर्ककडे जाणारी वाहतूक या बोगद्यातून न्यायची, असं विंडोजला सांगणं. हे दुसरं काम रूटिंग टेबलमध्ये होतं, आणि ते टेबल अख्ख्या मशीनचं असतं, कुणा एकाचं नसतं. म्हणून साध्या खात्याला विंडोज त्याला हात लावू देत नाही. जुन्या आवृत्त्यांत मग व्हायचं असं, की घड्याळाजवळचं चिन्ह हिरवं दिसायचं, आणि लॉग उघडला की आत लिहिलेलं असायचं: ‘रूट ॲडिशन फेल्ड... ॲक्सेस इज डिनाइड’, पुढे स्टेटस ५. बोगदा तयार, पण तिकडे वळणारा रस्ताच नाही. विंडोजचं यात काडीचंही चुकलेलं नाही. ज्याच्या हातात रस्ते, त्याच्या हातात त्या मशीनवरच्या प्रत्येकाची वाहतूक.

ओपनव्हीपीएन २.४ ने हे कोडं फार शहाणपणाने सोडवलं. इन्स्टॉल करताना एकदाच ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा. त्यानंतर ‘ओपनव्हीपीएन इंटरॅक्टिव्ह सर्व्हिस’ नावाची एक सर्व्हिस सिस्टीमच्या अधिकाराने मागे चालू राहते. मुलगा साध्या खात्यावरून ‘कनेक्ट’ दाबतो, व्हीपीएनचा प्रोग्रॅम त्याच्याच खात्यावर चालतो, आणि रूट टाकणं, आयपी लावणं एवढंच काम त्या सर्व्हिसला सांगितलं जातं. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह वॉचमन उघडतो, त्यासाठी प्रत्येक फ्लॅटला गच्चीची किल्ली देत नाहीत, तसं. शिवाय साध्या खात्याला वाटेल ती फाईल चालवता येत नाही. ॲडमिनने प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवलेलीच चालते. कुणाला त्यापलीकडे मोकळीक द्यायचीच असेल, तर ‘ओपनव्हीपीएन ॲडमिनिस्ट्रेटर्स’ नावाचा वेगळा गट आहे. त्यात नाव घातलं म्हणून माणूस मशीनचा मालक होत नाही.

वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनचे लोक याहून कडक. तिथे मुळात ॲडमिनच हवा. रजिस्ट्रीत ‘लिमिटेड ऑपरेटर यूआय’ चालू केलं आणि माणसाला ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ गटात घातलं, तर त्याला तयार बोगदा चालू-बंद करता येतो. खासगी किल्ली मात्र त्याला दिसत नाही. घरून काम करणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

मग आजही ‘ॲडमिन करून टाकतो’ का ऐकू येतं? सर्व्हिस बंद पडलेली असते आणि ती ‘ऑटोमॅटिक’वर आहे का, हे कुणी पाहत नाही. आयटीवाल्याच्या पेनड्राइव्हवर जुनाच इन्स्टॉलर असतो. लॉग वाचायला पाच मिनिटं लागतात, ॲडमिन करायला एक. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पैशात ती पाच मिनिटं धरलेली असतात. ती मागून घ्या.

कारण किंमत पुढे मोजावी लागते. साध्या खात्यावर काही इन्स्टॉल व्हायला लागलं की विंडोज पासवर्ड मागतं. ॲडमिन खात्यावर फक्त ‘येस’ दाबायचं असतं, आणि रिटर्नच्या घाईत बोट आपोआप तिथे जातं. रॅन्समवेअर साध्या खात्यावरच्याही फायली बंद करू शकतं, हे खरं. पण ॲडमिन मिळाला की ते विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसतं, म्हणजे परतीची वाटच तोडतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि आपल्या न्हावा-शेव्यात, जेएनपीटीतलं मर्स्क समूहाकडचं टर्मिनल ठप्प झालं. त्याची पसरायची एक वाट विंडोजच्या न बुजवलेल्या भोकातून होती. दुसरी वाट म्हणजे मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उपसायचे आणि ते घेऊन शेजारच्या मशीनवर जायचं. मेमरीतून असं उपसायला ॲडमिनचाच अधिकार लागतो. तुमच्या ऑफिसात तो टायपिस्टकडेही असेल, तर चोराला फार शोधावं लागणार नाही.

सर्व्हिसवर भिस्त ठेवली म्हणून काळजी मिटली, असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांना या इंटरॅक्टिव्ह सर्व्हिसमध्ये भोकं सापडली. मार्च २०२४ मध्ये २.६.१० आवृत्तीत ती बुजवली गेली. इथेच आपल्याकडची खरी गोम आहे. साध्या खात्याचा माणूस स्वतः अपडेट करू शकत नाही. ते आयटीवाल्यानेच करायचं, आणि तो येतो मशीन बंद पडल्यावर. अधिकार काढून घ्यायचे तर ही जबाबदारी उचलायलाच हवी. नुसते अधिकार काढले आणि जुनी आवृत्ती तशीच ठेवली, तर तो त्या मुलावर आणि ऑफिसवर दोघांवर अन्याय आहे.

म्हणून यंदा एएमसी रिन्यू करताना प्रत्येक लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही आज्ञा तुमच्यासमोर चालवायला सांगा. कोण कोण ॲडमिन आहे, त्याची यादी येते. ज्यांचं तिथे काम नाही, ती नावं काढायला लावा. मग त्या मुलाला त्याच्या साध्या खात्यावर बसवा, व्हीपीएन जोडायला सांगा, टॅली उघडायला सांगा. उघडली की बिल पास करा.