शेकर चालवा, साहेब व्हा

करमाडला भाड्याची खोली मिळाली, शेंद्र्यातल्या एखाद्या औषध कंपनीच्या फर्मेंटेशन विभागात ट्रेनी म्हणून नाव लागलं, की निम्मं आयुष्य मार्गी लागलं. उरलेलं निम्मं शेकरवर जाईल. शेकर म्हणजे गोल गोल फिरणारा मोठा पत्रा, त्यावर चिमट्यांत अडकवलेले काचेचे फ्लास्क, फ्लास्कच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि आत तुमचे जिवाणू.

आपल्या राज्याला हा धंदा नवा नाही. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे पेनिसिलिन बनवू लागली. वोक्हार्टने 2003 साली वोसुलिन हे इन्सुलिन बाजारात आणलं. मोठ्या टाकीत नीट मिसळता येतं हे त्या मंडळींनी दाखवून दिलंय, त्यामुळे तुम्ही ती तसदी घेऊ नका. तुम्हाला न मोजता 'मिसळलं' असं वहीत सिद्ध करायचंय.

1. वहीत फक्त '180 आरपीएम' लिहा. पुढे काहीही लिहू नका. पत्रा फिरतो त्या वर्तुळाचा व्यास कुठल्या शेकरवर 25 मिलिमीटर असतो, कुठल्यावर 50, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. 180 ला पहिल्यावर द्रवाला बाहेर रेटणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो, दुसऱ्यावर जवळजवळ तेवढाच भरतो. आकडा तोच, जोर दुप्पट. पुण्याच्या लॅबमधला रिझल्ट इथे का येत नाही असं कुणी विचारलं, तर 'मीडियाची बॅच बदलली' म्हणा. मीडियाला बोलता येत नाही.

2. फ्लास्क गळ्यापर्यंत भरा. 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 25 ते 50 मिलिलिटरच घ्यावं, असं जुने लोक सांगतात. त्यांच्याकडे फ्लास्क धुवायला माणूस होता. तुमच्याकडे नाही, तेव्हा 150 घ्या. तीस अंशाच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम सात-साडेसात मिलिग्रॅम विरघळतो आणि जोमात वाढणारे ई. कोलाय तो अर्ध्या मिनिटाच्या आत फस्त करू शकतात. नवा ऑक्सिजन द्रवाच्या पृष्ठभागातून आणि काचेवर पसरणाऱ्या पातळ थरातून येतो. फ्लास्क भरला की तो थर आटतो. जिवाणू गुदमरले, तर त्यांनाही तुमच्यासारखाच सुट्टीचा अर्ज करू द्या. मध्येच लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत शेकर थांबला, तर त्याची नोंद बिलकुल करू नका. पाळीचं लॉगबुक करमाडहून शेंद्र्याला जाताना काळीपिवळीतही भरता येतं.

3. मिक्सिंग टाइम, म्हणजे सगळा द्रव मिसळायला लागणारा वेळ, विचारला, तर घाबरू नका. आम्लात लाल दिसणारं मिथाइल रेड आणि अल्कलीत निळं दिसणारं थायमॉल ब्लू एकत्र घालायचं, मग हिशेबाने आम्ल किंवा अल्कली टाकायची. नीट मिसळलं की सगळा द्रव पिवळा होतो. एखाद्या कोपऱ्यात लाल रेघ रेंगाळली, की तिथे ढवळण पोचत नाही. ही रेघ डोळ्यांनी दिसते, म्हणूनच ही पद्धत टाळा. त्याऐवजी पीएच प्रोब आत सोडा आणि वाचन शेवटच्या आकड्याच्या पाच टक्क्यांत येऊन टिकेपर्यंतची वेळ मोजा. द्रव तीन सेकंदांत मिसळत असेल आणि प्रोबच सात सेकंद घेत असेल, तर तुम्ही प्रोबचा आळस मोजलात. ग्राफ मात्र देखणा येतो, आणि ऑडिटला ग्राफच लागतो.

4. कल्चर घट्ट झालं, तर निश्चिंत राहा. जर्मनीतल्या आखेनच्या योखेन ब्युक्स यांनी 2000 च्या सुमारास फ्लास्कमधल्या द्रवात नेमकी किती शक्ती शिरते ते मोजलं आणि एक बेत उघडकीस आणला: द्रव घट्ट असेल, वर्तुळ लहान असेल किंवा तळाला खाचा असतील, तर फ्लास्क फिरत राहतो आणि आतला द्रव तळाशी मागच्या सीटवर झोपलेल्या भाच्यासारखा पडून राहतो. बाहेरून काहीच कळत नाही. बिचाऱ्या जर्मनांनी उगाच त्रास करून घेतला.

5. आता स्केल-अप. साहेब म्हणतील, 'एक लिटरला जमलं ना? हजार लिटरला तेच आरपीएम ठेवा.' होय म्हणा. मग कागदावर गुपचूप मांडा. आकारमान हजारपट म्हणजे व्यास दहापट. पंख्याच्या टाकीत आरपीएम तेच ठेवून मिसळण्याची वेळ तीच हवी असेल, तर दर लिटरमागे शक्ती शंभरपट लागते, एकूण एक लाखपट. छोट्या टाकीत एक वॅट खर्च होत असेल, तर मोठीला शंभर किलोवॅट. महावितरणकडे अर्ज तुम्हीच टाका, म्हणजे कंपनीत ओळख वाढेल. उलट दर लिटरची शक्ती तीच ठेवली, तर मिसळायला साडेचारपट वेळ लागतो, आणि तोवर ग्लुकोज पडतं तिथले जिवाणू खाऊन सुस्त, लांबचे उपाशी. पत्र्यावर फिरणारी मोठी भांडीही आहेत. स्वित्झर्लंडच्या क्युनर कंपनीचा 200 लिटरचा शेकर आहे. साहेबांना याचा पत्ता लागू देऊ नका. ते मागवतील, आणि त्यावरही 180 लिहायला लावतील.

एवढं करून चुकून खरंच मोजावंसं वाटलं, तर आरपीएमच्या शेजारी वर्तुळाचा व्यास, फ्लास्कचं माप, भरलेला द्रव आणि बोळ्याचा प्रकार लिहा. 25 की 50 हे शेकरच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं; नसेल तर पत्र्यावर पेन उभं धरा, खाली कागद ठेवा आणि उमटलेलं वर्तुळ पट्टीने मोजा.