दुसरीचा वर्ग : नवशिक्या गुरुजींसाठी

वर्गात शिरण्याआधी खिशातलं पेन काढून ठेवा; मधल्या सुट्टीपर्यंत ते तुमचं राहत नाही. हजेरीत डोक्यांपेक्षा 'हजर' जास्त भरले तर गोंधळू नका. न आलेल्या दोस्तासाठी ओ देणं ही इथली रीत आहे.

पहिला तास भाषेचा. फळ्यावर 'मी शाळेत जाते' लिहा आणि पुढच्या मुलीला वाचायला सांगा. ती 'मी शाळंत जातो' असंच वाचेल. कोल्हापुरात तिची आई 'येतो' म्हणते, आजीही म्हणते. दुरुस्ती करायला गेलात तर, "आमच्या आईला सांगा की!" आई फाटकातच उभी असते. धाडस असेल तर सांगा.

ती फाटकात असते हेही नवलच. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवावा लागला होता. आता जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांची झुंबड उडते.

गणित मात्र दमानं घ्या. पंचवीस म्हणताना पाच आधी तोंडात येतो, लिहिताना दोन आधी लागतो. पोर बिचारं ऐकलं तसं ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी सोपी वाट आली, तर मोठ्यांनीच केवढा गहजब केला! (मला विचाराल तर वाट वाईट नव्हती.) त्यातही 'एकोण' म्हणजे छळ. एकोणचाळीस. ऐकू येतात चाळीस, लिहायचे तीन आणि नऊ.

हा धडा जुलैपर्यंत राखून ठेवा. पावसानं धार धरली की विचारा, "पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय?" परवा ज्याला बावीस जमले नव्हते, तोच मागून उठेल : "राजाराम बंधाऱ्यावर सदतीस फूट, गुर्जी! एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका." लगेच वजाबाकी घाला. इशाऱ्याला किती कमी? "दोन!" सगळा वर्ग. आणि त्याच दमात, "म्हंजे उद्या सुट्टी?" ते कलेक्टरांच्या हातात आहे म्हणा आणि फळा पुसा.

या गलक्यात सुतारवाड्यातलं पोर गप्प असेल. पाणी चढायच्या आत घरची भांडीकुंडी पोत्यात भरायची असतात. त्याला उभं करून हे गणित विचारू नका. त्याला ते येतं.