डावी बाजू की उजवी?

रायपूरला समुद्र नाही, पण मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं मरीन ड्राइव्ह म्हणतं. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. सात राज्यांनी चहूकडून वेढलेल्या छत्तीसगडात माणसानं समुद्राची हौस भागवायची तरी कशी? पुरीला जा नाहीतर विशाखापट्टणमला, दोन्हीकडे गाडीत रात्र काढावी लागते. आमची खारून नदी तेवढी शिवनाथात, शिवनाथ महानदीत आणि महानदी बंगालच्या उपसागरात, अशी तिकीट न काढता जाते.

अशा गावात राहून आम्ही दोघांनी नॉर्वेचे फियॉर्ड बघायला क्रूझनं जायचं ठरवलं आहे. ‘आम्ही दोघांनी’ हे व्याकरणापुरतं. ठरवलं बायकोनं. तिनं निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचं कार्य हा धडा आला की फळ्यावर यू आकाराची दरी काढायची, तिच्यात निळ्या खडूनं पाणी भरायचं आणि बाहेर चव्वेचाळीस अंशांची लू वाहत असताना पोरांना सांगायचं, की बर्फानं दरी खरवडत खरवडत तळ समुद्रपातळीच्याही खाली नेला, मग बर्फ वितळला आणि समुद्र आत शिरला. हे तिनं इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही आकृतीला नावं देईल.

“मी जन्मभर न बघितलेलं शिकवलं. एकदा जाऊन तपासून येऊ ना, बरोबर शिकवलं की नाही.”

“आणि चूक निघालं तर?”

“तर काय, पेपर तपासून झाले आहेत.”

माझं म्हणणं असं होतं, की बुडालेल्या दऱ्याच बघायच्या तर कोकणात खाड्या आहेत, दाभोळची आहे, जयगडची आहे, आणि तिथे व्हिसा लागत नाही. त्यावर मला धडा पुन्हा ऐकावा लागला. खाड्या नद्यांनी कोरलेल्या, फियॉर्ड बर्फानं. नदी कुठवर खोल जाणार? सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटर जमिनीत घुसला आहे आणि तेराशे मीटर खोल आहे. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच असलेली कळसुबाई त्याच्या तळाशी उभी केली तर देवीचं देऊळ आणि खालच्या दोन-चार शिड्या तेवढ्या कोरड्या राहतील. आणि गंमत म्हणजे एवढा खोल फियॉर्ड तोंडाशी मात्र उथळ असतो, कारण तिथे पोचेपर्यंत हिमनदीचा जोर ओसरलेला असतो आणि आणलेला राडारोडा तिथेच टाकून ती मोकळी होते. हे ऐकल्यावर मी खाडीचा मुद्दा सोडला. महानदीवर ओडिशात सातकोसियाची बावीस किलोमीटरची घळ आहे, गैरांगरचा नामांकित फियॉर्ड पंधराच किलोमीटर भरतो, हे मी मागाहून शोधून काढलं. पण तोवर आगाऊ रक्कम भरून झाली होती.

घाईचं कारणही तिच्याकडे तयार होतं. गैरांगर आणि नेरॉय हे दोन फियॉर्ड २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता नॉर्वे सरकारनं ठरवलं आहे, की तिथे येणाऱ्या प्रवासी जहाजांनी अजिबात धूर सोडायचा नाही. दहा हजार टनांच्या आतल्यांना हा नियम २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून. “म्हणजे बत्तीसपर्यंत बोट आपल्याला आत नेते,” बायको म्हणाली, “गुडघे तोपर्यंत थांबतील असं कोणी लिहून दिलं आहे का?” पर्यावरणाच्या कायद्याचा असा घरगुती अर्थ नॉर्वेच्या संसदेच्या डोक्यात आला नसावा.

तर निघायचं ठरलं, आणि मग खरी अडचण लक्षात आली. क्रूझमध्ये ठरवायला काही ठेवलेलंच नसतं. आपला मराठी प्रवासी म्हणजे पूर्वतयारीचा बादशहा. खालचा बर्थ कोणाला, भुसावळला केळी घ्यायची की नागपूरला संत्री, उतरल्यावर गरम पाण्याची बादली किती वाजेपर्यंत मिळते, दशम्या किती, चटणी किती, कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे. हे सगळं करण्यातच त्याचं कर्तृत्व. आणि इथे काय? खोली एकच, सामान एकदा उघडायचं, जेवण हवं तेव्हा, आणि गावंच पाळीपाळीनं आपल्या दाराशी येणार. म्हणजे आम्ही करायचं काय? बेकार होणं आमच्या रक्तात नाही. म्हणून आम्ही कामं शोधून काढली.

पहिलं काम बाजू ठरवण्याचं. बोटीला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात आणि बाल्कनीची खोली यातल्या एकाच बाजूला मिळते. कोकण रेल्वेत समुद्र कोणत्या अंगाला दिसतो यावरून ज्यांच्या घरात भांडणं झाली आहेत, त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. गैरांगरमध्ये सात बहिणी नावाचा धबधबा आहे, उंच कड्यावरून शेजारी शेजारी उतरणाऱ्या सात धारा. त्यांच्या बरोबर समोर, पलीकडच्या कड्यावर, एकटा एक धबधबा आहे. तो म्हणे लग्नाचा उमेदवार. त्यानं सातही बहिणींना एकेक करून विचारलं, सातही जणींनी नाही म्हटलं, तेव्हा त्यानं बाटली जवळ केली. तिथले लोक त्याच्या धारेत बाटलीचा आकारही दाखवतात. बोट आत शिरताना बहिणी डावीकडे येतात आणि उमेदवार उजवीकडे. आता बायकोला बहिणी हव्या होत्या, आणि मला त्या गृहस्थाविषयी उगाचच आपुलकी वाटायला लागली. एजंटानं दोन दिवस आमचं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की काका, फियॉर्डच्या टोकाला रस्ता संपतो, बोट तिथे वळून त्याच वाटेनं परत येते. जाताना ज्याच्या खिडकीत बहिणी, येताना त्याच्याच खिडकीत उमेदवार. म्हणजे वादाला अर्थ नव्हता. हे त्यानं आधी सांगायला नको होतं, आणखी आठवडाभर बरा गेला असता.

धबधब्यावरून आठवलं. ज्याला ज्याला बेत सांगितला, त्यानं त्यानं विचारलं, “चित्रकोट पाहिला का?” बस्तरमधला इंद्रावतीवरचा चित्रकोट जेमतेम तीस मीटर उंच असेल, पण पावसाळ्यात तीनशे मीटर पसरतो आणि सगळी नदी गढूळ होऊन एकदम खाली येते. पाहिला आहे, अनेकदा पाहिला आहे. पण छत्तीसगडातला माणूस परदेशी धबधब्याला जायला निघाला, की त्याला आधी चित्रकोटचा दाखला द्यावा लागतो.

मग कपडे. मे महिन्यात रायपुरात थर्मल मागणं याला धाडस लागतं. पंडरीच्या कापड बाजारात तिसऱ्या दुकानदारानं नोकराला माळ्यावर चढवलं. त्यानं वरून एक गाठोडं खाली टाकलं, त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास निघाला आणि दुकानातलं गिऱ्हाईक थोडं मागे सरकलं. पंखा फुल, बायको साडीवरूनच लोकरी बाह्या चढवून बघते आहे, घामानं बाही कोपराशी अडकलेली, आणि दुकानदार गल्ल्यावरून विचारतो, “कहाँ जाना है, माताजी?” नॉर्वे म्हटल्यावर तो क्षणभर थांबला. “ठंडाच चाहिए तो मैनपाट चले जाइए. तिब्बती लोग भी वहीं मिल जाएँगे, स्वेटर भी वहीं.” सल्ला काही वाईट नव्हता. भावही त्यानं उन्हाळ्याचा लावला.

एवढं लोकरीचं सामान कशाला, असं मी म्हणताच बायकोनं विवेकानंद काढले. रायपुरात हे चालतं. ते लहान असताना १८७७ पासून दोनेक वर्षं इथे राहिले, आमच्या बूढा तालाबाचं नाव विवेकानंद सरोवर आहे आणि माना विमानतळही त्यांच्याच नावाचा. ३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून बोटीनं निघाले. खेत्रीच्या राजानं तिकिटाची सोय केली होती, पण गरम कपड्यांचा विचार कोणी केला नव्हता. जपानहून व्हँकुव्हरला जाताना बिचारे पॅसिफिकवर कुडकुडत गेले. बायकोचा निष्कर्ष असा, की स्वामीजींना सोसलं, तुम्हाला सोसणार नाही. दोन थर्मल घेतले. नॉर्वेतल्या बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, म्हणून रेनकोटही.

खाण्याचा प्रश्न मात्र जिव्हारी लागला. इलेक्ट्रिक किटली आमची युरोपातली कुलदेवता. तिच्यात चहा होतो, मॅगी होते, धीर केला तर उपमाही होतो. क्रूझवर किटली आणि इस्त्री दोन्ही जप्त, आगीच्या भीतीनं. आणि युरोपाबाहेरून नॉर्वेत शिरताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मांसाशी आमचा संबंध नाही, पण पेढे? चक्का? घरचं तूप? मेतकूट, लसणाची चटणी, चिवडा पास झाले. तुपातल्या बेसनलाडवांवर दोन दिवस खल झाला. शेवटी ते निघण्याआधी घरीच खायचे ठरले आणि त्याची अंमलबजावणी लगेच सुरू झाली. तिथे म्हणे तपकिरी रंगाचं एक गोड चीज मिळतं, दह्याच्या निवळीसारखं पाणी आटवून केलेलं. आटवून केलं आहे म्हटल्यावर बायकोच्या मनात त्या देशाबद्दल आदर उत्पन्न झाला.

सगळ्यात अवघड निघाली संकष्टी. आमच्या तारखांत ती बरोबर मधोमध येते, आणि त्या दिवशी बोट ट्रॉम्सोला. ट्रॉम्सोला मेच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेपासून जुलैच्या बावीसपर्यंत सूर्य मावळतच नाही. ते एक वेळ चालेल, उपास सूर्यावर नसतो. पण उन्हाळ्यातला पौर्णिमेच्या आगेमागेचा चंद्र तिकडे क्षितिजाला धरून चालतो, काही दिवस तर वर येतच नाही. चंद्र वर आला नाही तर उपास सोडायचा कधी? कालनिर्णयात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा असतात, ट्रॉम्सोची नसते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हा प्रश्न निघाला तेव्हा तिथे बसलेल्या मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, रायपूरचा चंद्रोदय धरावा, कारण आपलं घर तिथे. दुसरा म्हणे, जिथे देह तिथे चंद्र. एका वहिनींनी सुचवलं, की बोटीवर रात्री बारापर्यंत बुफे चालू असतो, तो बंद व्हायच्या आत सोडा म्हणजे झालं. गणपती समजून घेतो. हा तोडगा सर्वमान्य झाला.

व्हिसाविषयी लिहिण्यासारखं फार नाही. कागद दिले, परत मागितले, पुन्हा दिले. तीस हजार युरोंचा विमा उतरवला. साउथहॅम्प्टनहून चढलो असतो तर इंग्लंडचा व्हिसा वेगळा लागला असता, म्हणून कोपनहेगनहून चढायचं ठरलं.

बोट लागते का, याची परीक्षा मात्र घेतली. धमतरीजवळ गंगरेल धरणावर जाऊन मोटरबोटीत बसलो. दोघंही ठणठणीत उतरलो, पण अलिबागच्या मावशींना हे फोनवर कळलं आणि त्यांना ‘रामदास’ आठवली. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडून सहाशेवर माणसं गेली. त्यांच्या आळीतली काही घरं त्या दिवसापासून बदलली. मावशी तेव्हा लहान होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “अमावास्या टाळली आहेस ना रे?” टाळली आहे, असं सांगितलं. मग पंचांग काढून खरोखरच पाहिलं.

आता उरला पोशाख. क्रूझवर एका रात्री सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायचं असतं. बायकोनं चांप्याची कोसा साडी काढली आहे, काठाला फॉल लावायला दिली आहे. माझा लग्नानंतर शिवलेला कोट पोटापाशी एक बोट कमी पडतो, आणि ते बेसनलाडू अजून संपलेले नाहीत.

मंडळातल्या त्या बुफेवाल्या वहिनी आणि त्यांचे यजमान परवा घरी आले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, चहा झाला, आणि मग यजमानांनी घसा खाकरून विचारलं, “मी म्हणतो, तुमच्या समोरची खोली रिकामी असेल का हो?” एजंटाला फोन लावला. आमची डावीकडे आहे, यांना उजवीकडची मिळाली. वहिनींनी लगेच ठरवून टाकलं, की बोट गैरांगरात शिरली की दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची आणि ज्या बाजूला काही दिसेल त्या बाजूच्यानं जोरात हाक मारायची. अंतर्गत फोन फुकट असतो, असं मी सांगून पाहिलं. “फोनवर काय मजा आहे भाऊजी,” त्या म्हणाल्या, आणि बायकोकडे वळून विचारलं, “कोसा कोणत्या रंगाचा घेते आहेस? मी मग दुसरा घेते.”