कावळ्याचा पत्ता

वैशाखात आजी कावळ्यांवर पाळत ठेवायची. अंगणात पापड वाळत घातले की हातात काठी घेऊन ज्याला हाकलायचं, त्याच कावळ्याने यंदा घर कुठे बांधलं याची संध्याकाळी अदबीने चौकशी करायची. आंब्यावर बांधलं तर पाऊस बरा, बाभळीवर बांधलं तर दाणे जपून. एका वर्षी परसातला एवढा डेरेदार आंबा सोडून कावळ्याने बांधावरची बाभळ धरली. आजीने पंधरा दिवस पाहुण्यांना चहासुद्धा बेताचाच दिला. पुढे आषाढात असा पाऊस लागला की गोठ्याची भिंत बसली. "जोडी नवखी होती," एवढंच आजी म्हणाली. ठोकताळा चुकला असं काही तिच्या मनाला शिवलं नाही. चुकला तो कावळा.

पंचांगावरही तिचा असाच जीव. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागला की त्याचं वाहन बघायचं. नक्षत्रं मोजायची, नऊने भागायचं, उरेल ती बाकी म्हणजे जनावर: तीन उरले तर बेडूक, सात उरले तर म्हैस आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. शून्यातून हत्ती काढणारं गणित मला शाळेत कुणी शिकवलं नाही, नाहीतर माझी त्या विषयाशी इतकी फारकत झाली नसती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की आजी सरपणावर आणखी एक गोणपाट टाकायची. कोल्हा आला तरी टाकायचीच.

आता मी पुण्यात असतो. इथल्या वेधशाळेला जुनी माणसं अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९२८ साली ही कचेरी सिमल्याहून इकडे आली, पण मुक्कामाचं नाव बदलायला पुणेकर तयार नाहीत. फोनवर पावसाची टक्केवारी मिळते. तरी परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना नजर समोर गेली, तर मोबाइलच्या टॉवरवर कावळ्याचं घरटं. काटक्या थोड्या, तारा जास्त, मधे कुणाच्या तरी दाराचं तोरण. याचा अर्थ काय लावायचा म्हणून गावी काकांना फोन केला. काका बराच वेळ गप्प होते. मागे पावशा ओरडत होता, 'पेरते व्हा, पेरते व्हा'.

"लोखंडावर?" मग ते म्हणाले. "त्याला आंबा सापडला नसेल रे. आपल्या परसातला आहे अजून. सांग त्याला."