प्लॅस्टिकला पाणी घाला हो!

आमच्या सोसायटीने लॉन पर्यावरणपूरक केलं. म्हणजे गवत खरवडून काढलं आणि प्लॅस्टिक अंथरलं. पाणी नको, खत नको, फवारणी नको, माळी नको, असे फायदे सेक्रेटरींनी सभेत वाचून दाखवले आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मे महिन्यात नोटीस बोर्डावर नवा कागद लागला : ‘कृत्रिम हिरवळ तापत असल्याने तिच्यावर रोज दुपारी चार वाजता पाणी मारण्यात येईल. सभासदांनी सहकार्य करावे.’

सहकार्य म्हणजे त्या वेळात कुणी नळ सोडू नये.

आता तापणारच हो ते! भर उन्हात प्लॅस्टिकचं गवत साठ अंशांच्या घरात सहज जातं. खऱ्या गवताच्या पात्यांतून पाण्याची वाफ होते म्हणून ते गार राहतं. प्लॅस्टिकला तेवढी अक्कल नाही. पाणी मारलं की जरा निवतं, आणि मुलं खाली उतरेपर्यंत पुन्हा तव्यावर.

तर माळीकाकांना परत बोलावलं. पाचशे चौरस मीटर प्लॅस्टिकवर ते गंभीर चेहऱ्याने पाईप धरतात. कडेला ‘हिरवळीवर चालू नये’ ही जुनी पाटी आहेच. पाणी पडल्यावर लॉन कसं तरतरीत दिसतं, असं तिसऱ्या मजल्यावरून कौतुक झालं. पहिला पाऊस पडला आणि दोन गुंडाळ्या जिथे चिकटवल्या होत्या, त्या सांध्यातून दोन बोटं उंचीची हिरवी पाती वर आली. हरळी! कमिटीत हाहाकार. प्लॅस्टिकच्या गवतात गवत उगवलं म्हणून तातडीची सभा, तणनाशकाचं कोटेशन, सांध्यात फवारणी, आणि ‘चार दिवस मुलांना पाठवू नये’ अशी सूचना. आठवड्याभरात हरळी पुन्हा हजर, कारण हरळीची मुळी ही कमिटीपेक्षा जुनी आहे. मग दुसरी फवारणी. आणि भाद्रपदात हीच मंडळी मंडईत उभी राहून त्याच हरळीची जुडी घासाघीस करून विकत आणणार, कारण दूर्वा म्हणजे हरळीच. एकवीस पाती बाप्पाला, बाकीच्यांना विष.

चिडू नको तर काय करू? मुळात हे लॉनचं खूळ ज्या इंग्लंडातून आलं, तिथे बारा महिने रिमझिम चालते. गवत कापायचं यंत्रसुद्धा तिथे 1830 साली निघालं, कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून. आपल्या पुण्यात पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने टँकर. जुन्या लॉनचा हिशेब मांडा : एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तरी आमच्या लॉनला अडीच हजार लिटर लागत होतं. चार दिवसांत दहा हजारांचा एक टँकर गवताच्या घशात! हे थांबवायलाच हवं होतं, पण म्हणून जमिनीला रेक्झिन घालायचं? त्याखाली ना गांडूळ जगत, ना वर फुलपाखरू बसत. झिजलेल्या पात्यांचा चुरा मात्र प्रत्येक सरीबरोबर गटारात जातो.

उपाय फुकट आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही. हरळीला राहू द्या. कापायची तर उंच कापा आणि कापलेलं तिथेच पडू द्या, तेच तिचं खत. ओलाव्याच्या जागी जलपिंपळी लावा. जमिनीलगत पसरते, बारीक फुलं येतात, मधमाश्या येतात. झाडाखाली काहीच उगवत नसेल तर पाचोळा पसरा, जाळू नका. एप्रिल-मेमध्ये सगळं पिवळं पडेल. पडू द्या. डोंगर पिवळे पडतात, तेव्हा आपण त्यांना हिरवा रंग देत नाही.

आणि पुढच्या सभेत कुणी ‘पर्यावरणपूरक’ म्हणालं की एकच प्रश्न विचारा : याला पाणी कोण घालणार?