खेळ, मांडे आणि नाट्यपदे

इंग्लंडात ग्लाइंडबोर्नच्या वाड्यात १९३४ पासून ऑपेऱ्याचा उन्हाळी उत्सव भरतो. मध्यंतर दीड तासाचे. काळ्या कोटातली मंडळी हिरवळीवर डबे उघडतात, पाऊस आला तर छत्रीखाली जेवतात, आणि त्याला परंपरा म्हणतात. बेळगावात आषाढात असे कुणी बसले तर शेजारी आधी घरच्यांना फोन लावतील.

वास्तविक ऐवज सगळा इथलाच. मराठी संगीत नाटक रुजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. ‘शाकुंतल’ मात्र १८८० मध्ये पुण्यात रंगले, आणि मग ते पुण्याचेच झाले. चालायचेच.

तर बेळगावातल्या अशाच उत्सवाचा आमचा बेत असा: दुपारी कुस्ती, रात्री मांडे, वर कुंदा, मग नाट्यपदे. पावसाने आखाड्याचा चिखल केला की पैलवान आणि पंच एकाच भज्यांच्या गाडीवर सापडतात. तिथे मात्र कुणी कुणाला चीत करत नाही. जेवण लांबते, नांदी चुकते. पूर्वी ‘वन्समोअर’च्या हट्टापायी नाटक पहाटेपर्यंत चाले, म्हणून उशिरा येणाऱ्याचेही फावे.

निपाणीकरांची शंका वेगळीच: परतीची शेवटची बस कुठल्या राज्याची, आणि तिची खिडकी तरी नीट लागते का?