खांद्याचा राजीनामा

हैदराबादी माणूस इलाजाला भीत नाही. दर जूनमध्ये मृग लागला की नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याचे हजारो रोगी रांगा लावतात आणि बत्तिनी कुटुंबाच्या हातून, तोंडात पिवळं औषध भरलेला बोटाएवढा जिवंत मुरेल मासा गिळतात. शाकाहाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं. हाड सरकलं तर पुत्तूर कट्टूच्या पाट्या आहेत, चारमिनारशेजारी निजामिया युनानी दवाखाना आहे, आणि एवढ्यातून जो वाचेल त्याच्यासाठी पंचतारांकित इस्पितळं आहेत. अशा शहरात मी खुर्चीत बसून आपले तळपाय जमिनीला टेकले आहेत की नाहीत हे बघण्याचा इलाज घेतो म्हटल्यावर मात्र लोक दचकले. मासा गिळला असता तर कुणी काही बोललं नसतं.

दुखत होता उजवा खांदा. एक्स-रे झाला, एमआरआय झाला, साखर झाली. सगळं नॉर्मल. ‘काही नाही’ असं डॉक्टर म्हणाले की रोग्याला हायसं वाटावं. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘नाटकं’ असा लागला. शेवटी गच्चीबावलीला नोकरी करणाऱ्या मुलीने सुचवलं, ‘बाबा, बॉडी-बेस्ड थेरपी करून बघा.’ नाव शरीराचं आहे म्हणजे तेल लागणारच, असा हिशेब करून बायकोने पिशवीत जुना टॉवेल घातला. बडी चावडीच्या आमच्या मामांना बातमी कळली तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘एर्रागड्डा?’ मनोरुग्णालय म्हटलं की पुण्याला जसं येरवडा, तसं आम्हा हैदराबादकरांना एर्रागड्डा. एरवी तिथे भाजीबाजारही आहे, पण असल्या प्रसंगी भाजी कुणाला आठवत नाही.

तेव्हा नव्याने जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: टॉवेल नेऊ नका. सुलतान बाजारहून मेट्रो, परेड ग्राउंडला गाडी बदलून थेट माधापूर. तिथे एक साधी खोली, दोन खुर्च्या, एक कुंडी आणि डोळे पुसायच्या कागदांचा डबा. सिनेमातला तो लांबलचक कोच नाही. थेरपिस्ट बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिला बराच वेळ फॉर्ममध्ये जातो: झोप, जुनी दुखणी, अपघात, औषधं, तपासण्यांचे कागद. छातीत दुखत असेल किंवा हात बधिर होत असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही, हे तिने स्वच्छ सांगितलं. मग म्हणाली, मध्ये कधी खांद्याला हात लावावा लागला तर आधी विचारीन. नको म्हणालात तर नको. मी चाटच पडलो. उभ्या आयुष्यात माझ्या पाठीवर थाप मारण्याआधी, गालगुच्चा घेण्याआधी, ‘पोट सुटलं की रे’ म्हणून त्यात बोट खुपसण्याआधी कुणी परवानगी मागितल्याचं आठवत नाही. मराठी माणसाचं शरीर ही सार्वजनिक ट्रस्टची मिळकत असते. ताबा आपला, पण सूचना करायचा हक्क सगळ्यांचा.

मग खरी परीक्षा. ‘आत्ता खांद्यात काय जाणवतंय?’

मी सांगितलं, मला वाटतं हे बसण्याच्या सवयीमुळे झालं असावं, शिवाय आमच्या वडिलांनाही होतं, त्यात ऑफिसची खुर्ची... ती शांतपणे म्हणाली, ‘हे विचार झाले. जाणवतंय काय? जड, हलकं? गरम, गार? हलतंय, की थिजलंय?’ मी ‘जड’ म्हणालो आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बरोबर आलं का? काही कळेना. ‘गरमसुद्धा,’ मी पुरवणी जोडली. ज्याने बोर्डाच्या परीक्षेत आठ ओळी मागितल्या तर बारा लिहिल्या, त्याला गुणच न देणाऱ्या परीक्षकासमोर बसवणं ही क्रूर थट्टा आहे.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की माझ्यासारख्यांची नोंद शिकागोत आधीच झाली होती. तिथल्या विद्यापीठात यूजीन जेंडलिन या तत्त्वज्ञाने मानसोपचाराच्या ध्वनिफिती ऐकून कुणाला गुण येतो ते तपासलं. धडाधडा बोलणाऱ्यांपेक्षा अडखळणारे, ‘असं नाही... थांबा... घशात काहीतरी आहे’ म्हणत आत चाचपडणारे लोक जास्त सुधारत होते. त्यावर १९७८ साली त्याचं ‘फोकसिंग’ हे पुस्तक आलं. म्हणजे वक्तृत्वाची ढाल मिळवलेल्यांचं इथे अवघड आहे.

या विद्येचं कूळ तसं मोठं आहे. फ्रॉइडचा शिष्य विल्हेल्म राइश याने १९३०च्या दशकात मांडलं की दाबलेल्या भावनांचं माणूस स्नायूंमध्ये चिलखत करून घेतो. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले होते. हैदराबादेत नागार्जुनसागर रस्त्यावर ‘धम्मखेत्त’ हे विपश्यना केंद्र १९७०च्या दशकापासून आहे; तिथे दहा दिवस न बोलता अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात. मामांनी मला ‘त्यापेक्षा तिकडे जा, फुकट आहे’ असं सुचवलं. स्वतः मात्र गेले नाहीत, कारण दहा दिवस मामा बोलले नाहीत तर मामी पोलिसांत जातील.

पुराव्याचं म्हणाल तर तो अजून बेताचाच. पीटर लेव्हिन या अमेरिकन गृहस्थाच्या पद्धतीची एक नीट चाचणी इस्राएलमध्ये झाली, निकाल २०१७ साली आले, माणसं ६३. आशादायक, इतकंच म्हणता येईल. तेवढी माणसं आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या वार्षिक सभेला असतात आणि तिथे काहीच सिद्ध होत नाही.

मंडळाचा विषय मुद्दामच काढला. मी त्याचा खजिनदार. कधीपासून ते विचारू नका. निवडणूक झाल्याचं कुणालाच आठवत नाही.

एकदा बाई म्हणाली, अलीकडची एखादी छोटी गोष्ट सांगा, किंचित त्रास देणारी. मोठं दुःख नको. या पद्धतीत गाठ थोडीथोडी सोडवतात. पहिल्याच दिवशी बालपण उकरून कुणी हंबरडा फोडायला लावत नाही. मी मंडळाच्या सचिवांच्या फोनचा किस्सा सुरू केला. गणपतीच्या मांडववाल्याचे पैसे, वर्गणीची पावतीपुस्तकं... ती म्हणाली, ‘थांबा. आत्ता खांदा कुठे आहे?’

खांदा कानाला लागला होता. सचिवांचं नुसतं नाव निघालं होतं.

लेव्हिनचं म्हणणं असं की जंगलात वाघ निघून गेला की हरीण थरथरतं, अंग झाडतं आणि चरायला लागतं. माणसाच्या अंगात मात्र ती तयारी तशीच अडकून राहते. मला हे पटलं. मंडळात वाघ जातच नाही. तो ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून पुन्हा येतो. ‘खांद्याला काय करावंसं वाटतंय?’ तिने विचारलं. पहिल्यांदाच मला उत्तर सुचलं नाही. हात मात्र आपोआप पुढे गेले. ढकलावंसं वाटत होतं. तिने भिंत दाखवली. पन्नाशी उलटलेला, चष्मा लावलेला गृहस्थ माधापूरच्या तिसऱ्या मजल्यावर सावकाश, पूर्ण जोर लावून भिंत ढकलतो आहे, हे दृश्य मामांनी पाहिलं असतं तर त्यांनी एर्रागड्डाची रिक्षा बोलावली असती.

नंतर काय होतं, तेही सांगून ठेवतो. जांभया येतात, लागोपाठ. हात किंचित थरथरतात. पोट गुडगुडतं. मी ‘सॉरी’ म्हणालो, तर बाई खूश! गेर्डा बॉयसेन नावाची नॉर्वेची एक थेरपिस्ट तर रोग्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ती गुडगुड ऐकायची. तिच्या मते ती मन हलकं होत असल्याची खूण. सासरी पंगतीत माझं पोट वाजलं होतं तेव्हा हे शास्त्र कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्री झोप गाढ लागली. काहींना दुसऱ्या दिवशी उगाच रडू येतं किंवा चिडचिड होते. तेही पुढच्या भेटीत सांगावं.

एक इशारा मात्र गंभीरपणे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘कोच’ व्हायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. चांगले कोच आहेत, ते सवयी आणि ध्येयांवर काम करतात आणि जुनी जखम दिसली की तुम्हाला थेरपिस्टकडे पाठवतात. पण शनिवार-रविवारच्या शिबिरात जन्माचे आघात मोकळे करून देतो म्हणणारा, शिक्षण विचारल्यावर ‘ऊर्जा’ हा शब्द वापरणारा कुणी भेटला, तर आपले पाय जमिनीला टेकवावेत आणि तेच पाय दाराकडे वळवावेत.

घरी सगळे विचारतील, ‘तिथे काय केलं?’ खरं उत्तर, ‘बसलो.’ ‘ती काय म्हणाली?’ ‘काही नाही.’ ‘आणि फी?’ आकडा ऐकून बायको स्वतः खुर्चीत बसली. पण मला विचाराल तर पैसे त्या गप्प बसण्याचेच आहेत. आपल्या गोतावळ्यात सल्ला फुकट मिळतो, म्हणून तो भरपूर मिळतो. ‘काय होतंय?’ असं विचारून उत्तराची वाट बघणारं माणूस मिळायला मेट्रो बदलून जावं लागतं.

पुढच्या सभेत मी राजीनामा दिला. कारण विचारलं, तर खांदा म्हणालो. मग इतर विषय बाजूला ठेवून माझ्या खांद्यावर चर्चा झाली. महानारायण तेल, उशी बदला, हळदीचा लेप. एका ज्येष्ठांनी हिशेब डाव्या हातानेही लिहिता येतो याकडे लक्ष वेधलं. खांदा एकदाच वर गेला, मग आपला आपण खाली आला. राजीनामा खेदपूर्वक मंजूर झाला आणि नव्या खजिनदारपदी मामांची बिनविरोध निवड झाली. ते तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेले होते.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग मंडळाच्या सचिवांबद्दल काही निवडक दखनी शब्द झाले. शेवटी हळूच म्हणाले, ‘त्या बाईंचा नंबर असला की दे बरं, सहज.’

‘खांदा का मामा?’

‘छे छे,’ मामा म्हणाले, ‘अजून फक्त मान.’